बॅले : गॅलरीतून आणि पडद्यावरून

(ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला फोन केला तो विषय ठरवूनच. "काका, तुम्ही बँकेतले. निवृत्तीनंतरच्या गुंतवणुकीवर बोला." मी म्हटलं, एफडीचे दर पेपरात छापून येतात, आणि नॉमिनेशन करून ठेवा हे मी लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतच असतो. एकदा तरी मला बॅलेवर बोलू द्या. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे ते पायाच्या बोटांवर नाचतात, तेच ना?" हो, तेच. त्यांनी परवानगी दिली याबद्दल आभार. पंचवीस वर्षांत या सभागृहात पाणी, पार्किंग आणि लीकेज सोडून दुसऱ्या विषयावर इतका वेळ कोणी बोलल्याचं मला आठवत नाही.

हे वेड मला कुठून लागलं ते आधी सांगतो. आमच्या पिढीतल्या पुष्कळांच्या घरी 'सोव्हिएत देश' नावाचं पाक्षिक यायचं. वर्गणी नावापुरती आणि कागद गुळगुळीत, जाड. वाचायचं फार कोणी नाही, पण जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की त्याची पानं वह्यापुस्तकांना कव्हर म्हणून चढायची. माझ्या धाकट्या बहिणीच्या भूगोलाच्या वहीवर वर्षभर एक बॅले नर्तिका उभी होती. एका पायाच्या अंगठ्यावर, दुसरा पाय मागे हवेत. आमची आई म्हणायची, "बिचारी केव्हाची उभी आहे गं, तिला बसव तरी."

पुढे मी फोर्टमधल्या शाखेत क्लार्क म्हणून लागलो. सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध. एका सहकाऱ्याने पेडर रोडच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातल्या फिल्म शोचा पास दिला. खरं सांगायचं तर तिथे एअरकंडिशन होतं म्हणून गेलो. पडद्यावर माया प्लिसेत्स्काया 'स्वान लेक' नाचत होती. या बाईच्या हातात हाडं आहेत की नाहीत, असा प्रश्न मला पडला. मनगटापासून खांद्यापर्यंत हात पाण्यासारखा हलत होता. परतीच्या लोकलमध्ये मी दांडीला लटकून तोच हात आठवत होतो.

त्या काळी आपल्याकडे बॅले म्हणजे नृत्यनाट्य. शांती बर्धन यांच्या लिटल बॅले ट्रुपचं 'रामायण' तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. त्यात माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी हलतात. तेही सुंदरच. पण मला ओढ लागली ती या बोटांवरच्या नाचाची, आणि तो प्रत्यक्ष बघायला मिळेपर्यंत मी साठी ओलांडली होती.

आमची मुलगी लंडनला असते. २०१३ च्या एप्रिल-मेमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे होतो. कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये रॉयल बॅलेचं 'ला बायादेर' चालू होतं. कॉव्हेंट गार्डन ही मुळात फळं-भाजी-फुलांची मंडई. १९७४ मध्ये ती मंडई नदीपलीकडे हलवली, तोपर्यंत एका बाजूला कोबीच्या पाट्या आणि दुसऱ्या बाजूला मखमली पडदा. आपल्या दादरच्या फुलबाजाराला लागून राजवाड्यासारखं नाट्यगृह असावं, तसं. आत घोड्याच्या नालाच्या आकारात मजल्यावर मजले, लाल गाद्या, सोनेरी नक्षी, एकूण सव्वादोन हजार माणसं. आमची तिकिटं अगदी वरची. गॅलरी एवढी उभी, की पुढच्या माणसाचं टक्कल आपल्या गुडघ्याखाली येतं. गडकरी रंगायतनच्या बाल्कनीत बसणारा माणूस मी, मला त्याचं काही नाही. जिना उतरताना मात्र सौ.ने माझा कोट घट्ट धरला होता.

आता 'ला बायादेर'विषयी थोडं, कारण हा बॅले आपल्यावरचा आहे. मारियुस पेटिपा नावाच्या फ्रेंच नृत्यदिग्दर्शकाने तो १८७७ मध्ये रशियात, सेंट पीटर्सबर्गला बसवला. संगीत मिंकुसचं. कथा हिंदुस्थानातली. देवळातली नर्तकी निकिया आणि सोलोर नावाचा योद्धा यांचं प्रेम. राजा आपली मुलगी गमझत्ती सोलोरला देऊ करतो, आणि हा पठ्ठ्या नाही म्हणत नाही. साखरपुड्यात निकियाला फुलांची परडी मिळते, तिच्यात साप. मुख्य पुजारी उतारा देऊ करतो, पण सोलोर दुसरीचा झालेला पाहून ती तो घेत नाही आणि मरते. मग सोलोर अफू ओढून झिंगतो आणि त्याला मेलेल्यांच्या जगात निकिया भेटते.

पेटिपा कधी हिंदुस्थानात आला नव्हता, आणि ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. देवळासमोर फकीर उड्या मारतात. ब्राह्मण तर असा वागतो, की आमच्या गावच्या भटजींनी पाहिलं असतं तर सोवळ्यातच आंघोळ केली असती. आणि सोलोर हे नाव कुठल्या जातीत ठेवतात, हे मी अजून शोधतोय. काहींना या सगळ्याचा राग येतो. मला हसू येतं. पण हसता हसता एक गोष्ट वाचनात आली ती सांगण्यासारखी आहे. 'बायादेर' हा शब्द फ्रेंचांनी पोर्तुगीजांकडून उचलला. नाचणाऱ्या बाईला पोर्तुगीजमध्ये 'बायलादेरा' म्हणतात, आणि गोव्यातल्या देवळांत नाचणाऱ्या कलावंतिणींना पोर्तुगीज हेच नाव वापरायचे. म्हणजे हा शब्द आपल्या शेजारून फिरून गेलेला आहे. शिवाय १८३८ मध्ये पाँडिचेरीजवळच्या देवदासींचा एक छोटा ताफा पॅरिसला जाऊन नाचून आला होता. त्यातल्या अमनी नावाच्या तरुण मुलीवर तेओफिल गोतिये हा कवी फिदा होता. याच गोतियेने पुढे १८४१ च्या 'जिझेल' बॅलेची कथा रचण्यात हात घातला. आणि १८५८ मध्ये त्याने आपल्या कालिदासाच्या शकुंतलेवर बॅले लिहिला, तो बसवला पेटिपाच्याच भावाने. तेव्हा सोलोर नाव खोटं असलं, तरी धागा अगदीच खोटा नाही.

या बॅलेचा प्राण म्हणजे सावल्यांचा प्रवेश. रंगमंचावर अंधार, मागे एक उतार. त्या उतारावरून पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी येते. एक पाय मागे उचलून एका पायावर तोलून उभी राहते, मग मागे कलते, दोन पावलं पुढे येते, पुन्हा तेच. तिच्यामागे दुसरी. मग तिसरी. नाताल्या माकारोव्हाने बसवलेल्या या प्रयोगात अशा चोवीस जणी नागमोडी रांगेने खाली उतरतात. सगळ्या तेच करतात, दुसरं काहीही नाही. जी पहिली उतरते तिला ते सगळ्यात जास्त वेळा करावं लागतं, शेवटचीला सगळ्यात कमी. सीनिऑरिटीचा नियम आमच्या बँकेत याच्या बरोबर उलट होता.

वरच्या गॅलरीतून ही रांग जशी दिसते तशी खालच्या महागड्या खुर्चीतूनही दिसत नसेल. चेहरे नाहीत, नावं नाहीत, नुसती नक्षी उलगडत जाते. सव्वादोन हजार माणसं खोकत नाहीत. वाद्यांच्या खालून बुटांचा आवाज येतो, पत्र्यावर पहिला पाऊस पडावा तसा. मी क्लिअरिंगमध्ये निम्मं आयुष्य काढलेला माणूस. शेजारच्यासारखंच काम, त्याच्याइतकंच बिनचूक, आणि कोणाचं नाव नाही. मला नायिकेपेक्षा त्या चोवीस जणींचंच कौतुक जास्त वाटलं.

आणि नेमक्या त्या वेळी सौ. माझ्या कानाशी कुजबुजली, "अहो, ही रांग मध्येच वाकडी का होतेय?"

तिच्या हातात नातवाची पक्षी बघायची दुर्बीण होती. चष्म्यावर ती दोन्ही डोळ्यांना नीट लागेना, म्हणून उजवा डोळा मिटून ती एकाच नळीतून बघत होती, जत्रेत बायोस्कोप बघतात तशी. मी म्हटलं, "गप्प बस. कॉव्हेंट गार्डनला रांग वाकडी होत नसते." तिने पुन्हा पाहिलं. "अहो, खरंच, मधल्या मुली वाकल्यासारख्या दिसताहेत." मी दुर्बीण तिच्या हातातून काढून घेतली आणि दुर्बीण जुनी आहे म्हणून पिशवीत टाकली. शेजारच्या गोऱ्या बाईने आमच्याकडे पाहिलं याचीच मला लाज वाटली. मध्यंतरात आम्ही फार बोललो नाही.

रांग सरळच होती. दुर्बीणही चांगली होती.

त्या दिवाळीत सौ.ने दारात ठिपक्यांची रांगोळी काढली. बी विंगच्या त्या मजल्यावर राहणाऱ्यांना ती रांगोळी आठवत असेल, कारण दर वर्षी लोक तिचा फोटो काढायचे. त्या वर्षी ठिपके ओळीतून सरकले होते. समोरच्या फ्लॅटमधली छोटी म्हणाली, "आजी, तुझ्या रांगोळीला काय झालं?" तेव्हा आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला चौकटी छापलेला एक कागद दिला, मध्ये एक ठिपका. एक डोळा झाका आणि ठिपक्याकडे बघा. उजव्या डोळ्याने रेषा सरळ. डाव्याने बघितल्यावर ती म्हणाली, "मधल्या रेषा वाकल्यात, आणि ठिपक्याजवळ धूसर आहे."

मॅक्युलर डीजनरेशन. डोळ्याच्या पडद्याचा जो मधला भाग आपल्याला चेहरे, अक्षरं, सुईचं नेढं दाखवतो, तो बिघडतो. एका डोळ्यात बिघडला तर दुसरा डोळा सांभाळून घेतो, म्हणून दोन्ही उघडे असताना कळतच नाही. तिला कळलं होतं, ते एका नळीतून बघत होती म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, "रेषा वाकड्या कधीपासून दिसतात?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "दिवाळीपासून." मी काही बोललो नाही. बाहेर येऊन औषधांच्या काउंटरवर उभा राहिलो आणि माझं लक्ष लागेना. आयुष्यभर लोकांच्या चुकीच्या तारखा दुरुस्त केल्या. परत आत गेलो आणि सांगितलं, "डॉक्टर, मे महिन्यापासून." त्यांनी मान हलवली आणि कागदावर खोडून दुरुस्ती केली. डोळ्यात इंजेक्शनं द्यायला सुरुवात झाली. बिघाड थांबला, पण मधला जो भाग गेला होता तो परत आला नाही. मे महिन्यातच गेलो असतो तर किती वाचलं असतं, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. तिनेही नाही.

ती आज समोर पहिल्या रांगेत बसली आहे. हे सगळं सांगू का, असं तिला विचारूनच उभा राहिलोय. म्हणाली, "सांगा. पण रांगोळीचं लांबवू नका."

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही पुन्हा लंडनला होतो आणि पुन्हा 'ला बायादेर' लागला होता. मी तिकिटं बघायला बसलो. वरच्या गॅलरीचा तो उभा जिना सौ.ला आता जमणार नव्हता. एका डोळ्यावर माणसाला पायरीची खोली कळत नाही, पाय कुठे पडेल याची खात्री नसते. खालच्या खुर्च्यांचे भाव बघून मी पौंडाला रुपयांनी गुणलं आणि लॅपटॉप मिटला. मुलगी म्हणाली, "बाबा, १३ तारखेला हाच प्रयोग सिनेमागृहात थेट दाखवणार आहेत. आपल्या घराजवळच." मला ते पटेना. संगीत नाटक रेडिओवर ऐकल्यासारखं ते. पण गेलो.

थेट प्रक्षेपण म्हणजे ऑपेरा हाउसमध्ये पडदा वर जातो त्याच क्षणी शेकडो सिनेमागृहांतही तो जातो. बोल्शॉयचे प्रयोगही असेच मॉस्कोहून रविवारी यायचे, ते २०२२ मध्ये युद्धानंतर बंद पडले. आमच्या आसपास सगळे आपल्याच वयाचे. लोकरीचे कोट, काठ्या, एका आजीबाईंच्या हातात पॉपकॉर्नचा हा एवढा डबा. मध्यंतरात निवेदिका कलाकारांशी गप्पा मारते, तालमी दाखवतात, आणि प्रेक्षकांनी पाठवलेले दोन-दोन ओळींचे संदेश पडद्यावरून सरकतात. त्यातले निम्मे 'अप्रतिम' एवढंच सांगणारे. टाळी वाजवायची की नाही हे कोणालाच ठरवता येत नाही. मी सवयीने वाजवली, तर पॉपकॉर्नवाल्या आजी दचकल्या. पडद्यावर तिकडची टाळी ऐकू येते, पण ती उसनी. तुमची टाळी नाचणाऱ्यापर्यंत पोचत नाही, ही गोष्ट मला अजूनही खुपते.

त्याहून खुपते कॅमेऱ्याची दांडगाई. बॅले हा पायांचा खेळ आणि कॅमेरामनला चेहरे आवडतात. नर्तक उंच उडी मारतो आणि ऐन वेळी चौकटीत कमरेपासून वरचा भाग. उडी आपण कल्पनेने पूर्ण करायची. नाट्यगृहात मी मला हवं तिकडे बघतो. सगळे नायिकेकडे बघत असताना मी कोपऱ्यातल्या तिसऱ्या मुलीकडे बघू शकतो. सिनेमात दुसराच कोणीतरी माझी मान पकडून फिरवतो. सावल्यांच्या प्रवेशात तर मी अक्षरशः खुर्चीत उठलो. रांग निम्मी उतरली होती, नक्षी आता कुठे भरत आली होती, आणि कॅमेरा गेला एका मुलीजवळ! मी "अरे मागे जा, मागे जा" म्हणालो, ते मराठीत म्हणालो म्हणून निभावलं.

तेव्हा सौ.ने माझा हात दाबला. "अहो, थांबा. तिचा पाय बघा."

त्या मुलीचा खालचा पाय घोट्यापाशी थरथरत होता. अगदी बारीक. वर चेहरा शांत, मान तशीच, हात तसेच आणि सगळा भार त्या थरथरणाऱ्या घोट्यावर. मी ज्याला नक्षी म्हणत होतो ती अशा चोवीस घोट्यांवर उभी होती. गॅलरीतून मला ते कधीच दिसलं नसतं.

त्या रात्री निकिया झाली होती मारियानेला नुन्येझ, सोलोर वादिम मुंतागिरोव आणि गमझत्ती नताल्या ओसिपोवा. साप चावल्यानंतर निकिया उतारा हातात घेते आणि सोलोरकडे बघते. हा क्षण वरून मी पाहिला होता तेव्हा मला फक्त एक ठिपका थांबलेला दिसला होता. इथे तीस फुटांचा चेहरा होता. तिने काही केलं नाही. नुसतं पाहिलं आणि बाटली हातातून सुटू दिली. सौ. रडत होती. मी विचारलं, "काय गं?" तर म्हणाली, "पाच वर्षांत कोणाचा चेहरा इतका स्पष्ट दिसला नव्हता." एक डोळा गेलेला, दुसराही वयाने मंद झालेला. घरात ती माणसं आवाजावरून ओळखते. तुमच्यातल्या काहींना वाटतं, काकू लिफ्टमध्ये बघूनही ओळख देत नाहीत. ते यामुळे.

शेवटी सावल्या खाली उतरून ओळीने उभ्या राहिल्या तेव्हा कॅमेरा एकदाचा मागे गेला. पूर्ण रंगमंच दिसला. सौ.ने तळहाताने डावा डोळा झाकला आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सरळच आहे हो."

मी काही बोललो नाही.

डिसेंबरात तिथेच 'नटक्रॅकर'ही पाहिला. छान होता, पण तो नातवंडांचा बॅले. खोटा बर्फ बघायला आपल्याकडे गणपतीतले देखावे आहेत. पुढे २०२० मध्ये टाळेबंदीत ऑपेरा हाउसने काही जुने प्रयोग यूट्यूबवर फुकट दाखवले. आपण सगळे दाराआड बंद, खाली वॉचमन भाज्यांच्या पिशव्यांवर फ्लॅट नंबर लिहितोय आणि आमच्या हॉलमध्ये ऑपेरा हाउसचा लाल पडदा वर जातोय. सौ. खुर्ची ओढून टीव्हीपासून दोन फुटांवर बसायची आणि मी मागून सगळा रंगमंच दिसावा म्हणून मान वाकडी करायचो. तेव्हापासून तशीच वाटणी आहे. मी तिला सांगतो कोण कुठून आलं, ती मला सांगते कोणाच्या चेहऱ्यावर काय आहे.

कोणी विचारेल, मग नाट्यगृह चांगलं की पडदा? एकदाच जाणं जमणार असेल तर नाट्यगृहात जा, आणि वर बसा. स्वस्त पडतं. कडेची तिकिटं मात्र घेऊ नका. मुलीने एकदा घेतली होती, तिला अर्धा रंगमंच दिसलाच नाही. राजा आत गेला की बाहेर आला, हे ती शेजाऱ्यांना विचारत होती.

चौकटींचा तो कागद मी डॉक्टरांकडून मागून घेतला आहे. त्याच्या प्रती सेक्रेटरींकडे ठेवल्यात. चष्मा लावा, एक डोळा झाका, मग दुसरा. अर्धं मिनिट लागतं. रेषा वाकड्या दिसल्या तर छापखान्याची चूक समजू नका.

येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे 'ला बायादेर'ची डीव्हीडी लावणार आहे. सावल्यांचा प्रवेश तेवढा, म्हणजे पाऊण तासात चहा. दहा-बारा जण बसतील एवढ्या खुर्च्या आहेत. टीव्हीसमोरची एक खुर्ची सोडून कुठलीही घ्या. आणि कॅमेरा ऐन वेळी पाय कापेल तेव्हा मी मागून ओरडेन, तेवढं सांभाळून घ्या.